न लागलेले दिवे

चेंडू भाऊजींच्या पायाशी पोचायचा तेव्हा त्यांचं काम संपलेलं असायचं. कुठे द्यायचा, किती जोरात, समोरच्याच्या कुठल्या पायावर, हे सगळं आधीच ठरलेलं. चेंडू येणं ही त्यांच्या लेखी शेवटची आणि जराशी कंटाळवाणी गोष्ट होती. आमचा गोलकीपर, त्याला आम्ही खांब म्हणायचो, चेंडू लांब मारायला चार पावलं मागे सरला की आम्ही सगळे आभाळात चेंडू शोधायचो. भाऊजी चेंडू सोडून सगळं बघायचे. एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या, पुन्हा उजव्या. तेही इतकं सावकाश, की नवख्याला वाटावं, हा माणूस कुणाची तरी वाट बघत उभा आहे.

टाइल्सच्या कारखान्याचा संघ होता आमचा. भाऊजी मालाच्या यार्डात फोर्कलिफ्ट चालवायचे, मी भट्टीवर होतो. मैदानात ते मधल्या फळीत आणि मी त्यांच्या मागे, डावा बॅक. घरी ते माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. म्हणजे दिवसातला बराच वेळ माझ्यासमोर या माणसाची पाठ तरी असायची, नाहीतर तोंड तरी. एवढं असून जे दिसायला हवं होतं ते मला फार उशिरा दिसलं. की वेळेवर दिसलं आणि मी ते बाजूला सारून ठेवलं? हे अजून माझं मलाच नीट सांगता येत नाही.

आमचे मास्तर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक आणि एरवी टाइम ऑफिसातले हेडक्लार्क, एका मोसमात कागद-पेन्सिल घेऊन मैदानाच्या कडेला बसले आणि रेघोट्या मारत त्यांनी मोजलं. चेंडू येण्याआधीच्या दहा सेकंदांत भाऊजी चार ते पाच वेळा मान वळवतात, बाकीचे एकदा. मी एकदाही नाही. कपडे बदलायच्या खोलीत तो कागद वाचून दाखवताना ते मला म्हणाले, "तुझी मान काय आईनं शिवून पाठवलीय का रे?"

मी त्या दिवशी बुटांचा चिखल खरवडता खरवडता भाऊजींना विचारलं, "नेमकं बघता काय तुम्ही?"

"माणसं नाही बघत."

"मग?"

"माणसांच्या मधलं. माणूस बघितलास तर तो जिथे होता तिथे दिसतो. मधली जागा बघितलीस तर तो जाणार कुठे ते दिसतं." नाडीची गाठ दातांनी सोडवत ते म्हणाले, "आणि अंगावर येणाऱ्याचे पाय बघू नकोस. पाय थापा मारतात. खांदा बघ. खांद्याला खोटं बोलता येत नाही."

"आणि चेंडू?"

"तो येतोच आहे की. त्याला काय बघायचं?"

पाठीमागचंही दिसतं म्हणून संघात त्यांना आरसा म्हणायचे. फुटबॉलमध्ये एक साधी रीत असते. आपल्या माणसाकडे चेंडू येतोय आणि त्याच्या पाठीवर कुणी चालून येतंय असं दिसलं, की जो जवळ असेल त्याने ओरडायचं, "मागे". एवढा एकच शब्द. भाऊजींसाठी मात्र कुणी ओरडायचं नाही. नियम कुणी केला नव्हता, पण पाळायचे सगळे. एखादा नवा आलेला ओरडलाच, तर सामना संपल्यावर खांब त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "आरशाला आरसा दाखवतोस होय?" बाकीचे हसायचे. ओरडायची पहिली पाळी खरं तर माझी, कारण त्यांच्या मागे मी. अकरा वर्षं मी तोंड उघडलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

घरीही त्यांचं तसंच. ताईच्या हातून कप निसटायच्या आत त्यांचा हात खाली गेलेला असायचा. माझ्या भाचीला ठसका लागायच्या आधी पाण्याचा पेला तिच्यापुढे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ताई वैतागून मला म्हणाली होती, "यांच्याशी धड भांडतासुद्धा येत नाही. मी तोंड उघडायच्या आत यांचं उत्तर तयार. अरे, मला काय बोलायचंय ते आधी मला तरी कळू दे."

सदतिसाव्या वर्षी त्यांचं मान वळवणं वाढलं. मास्तरांनी पुन्हा रेघोट्या मारल्या तर दहा सेकंदांत नऊ. "वय वाढलं की माणूस आळसावतो," मास्तर आम्हाला म्हणाले, "आणि याच्याकडे बघा. डोळ्यात तेल घालून उभा असतो." आम्ही टाळ्या वाजवल्या. आज त्या टाळ्या आठवल्या की मला माझेच हात परके वाटतात. ज्याला दिसतं तो कमी वेळा बघतो. नऊ वेळा बघणारा माणूस काहीतरी शोधत असतो, आणि ते त्याला मिळत नसतं. एवढी साधी गोष्ट मैदानावरच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नाही.

पुढच्या मोसमात त्यांनी मान वळवणंच सोडलं. चेंडू आला की क्षणही न थांबता पुढे. आम्हाला ती जादू वाटली. जादूचं कारण आम्हीच होतो. आम्ही एकमेकांबरोबर इतकी वर्षं खेळलो होतो की प्रत्येकाची जागा, प्रत्येकाची खोड ठरून गेली होती. खांबाने चेंडू डावीकडे मारला की मी किती पावलं पुढे जाणार, आमचा जाड्या स्ट्रायकर धाप लागली की कुठल्या कोपऱ्यात रेंगाळणार, हे त्यांना पाठ होतं. ते आमच्याकडे बघून खेळत नव्हते. आम्हाला आठवून खेळत होते.

मग पॉलिश खात्यातून एक नवा विंगर आला. तिशीचा, हाडकुळा, तोंडाने फटकळ. त्याचा सगळा गुण एवढाच की तो पुढच्या क्षणी कुठे जाईल हे कुणालाच सांगता यायचं नाही. पहिल्याच सामन्यात भाऊजींचे तीन पास रेषेबाहेर गेले, बरोबर त्या जागी, जिथे आमचा जुना विंगर उभा असायचा.

मध्यंतरात भाऊजी त्याला शांतपणे म्हणाले, "जागा धरून राहत जा."

"मी मोकळा होतो, दादा. हात वर केला होता. तुमच्या डाव्या अंगाला, चार पावलांवर."

"नव्हतास."

"चार पावलांवर, दादा. तुमच्या घामाचा वास येत होता मला."

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी त्या विंगरकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं, आणि विंगरला सांगितलं की बूट काढ, आज बस. भाऊजींनी नव्हतास म्हटलं म्हणजे तो नव्हता. पुढच्या सामन्यालाही त्याला बसवलं. तिसऱ्याला तो आलाच नाही. नंतर कँटीनमध्ये मला दिसला की मान फिरवायचा.

त्याचा हात वर होता. चार पावलांवरच होता तो. मी मागे उभा होतो, मला सगळं स्वच्छ दिसलं होतं. मी मूग गिळून बसलो.

त्यानंतरच्या सामन्यात चेंडू भाऊजींकडे चालला होता आणि त्यांच्या डाव्या बाजूने एक धिप्पाड मनुष्य सरळ त्यांच्यावर धावत होता. त्यांचे खांदे सैल होते. ज्याला येणारा दिसतो त्याचे खांदे सैल राहत नाहीत, हे त्यांनीच शिकवलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मागे."

ते दचकले. चेंडू कसाबसा माझ्याकडे ढकलला आणि वाचले. खेळ पुढे गेला, पण खांबाने लांबून माझ्याकडे असं बघितलं जणू मी भर बाजारात कुणाची टोपी उडवली होती.

सामना संपल्यावर नळावर पाय धुताना भाऊजी म्हणाले, "ओरडलास आज."

"सवयीने निघून गेलं."

"माझ्या बाबतीत तुला सवय कधी होती?"

मी नळ बंद केला, उगाच पुन्हा सोडला. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते. "पुन्हा ओरडू नकोस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी उलटून काही बोललो असतो. त्यात विनवणी होती, आणि नात्याने थोरल्या असलेल्या माणसाने आपल्याला विनवावं हे मला सहन झालं नाही. मी बरं म्हणालो. पुन्हा ओरडलो नाही. महिनाभर ताई विचारत राहिली, काय बिनसलंय तुमच्यात. मी म्हटलं, काही नाही, खेळाचं.

मग यार्डात ते घडलं.

वजनकाट्यावर एक कारकून असायचा. रोज अकराच्या सुमाराला तो आपल्या केबिनच्या दारात येऊन उभा राहायचा, हातात डिलिव्हरीच्या पावत्यांचं पॅड. भाऊजी वळणावर फोर्कलिफ्ट हळू करायचे, त्याच्याकडे बघून मान हलवायचे, म्हणजे ये, मी थांबलोय. तो रस्ता ओलांडून सही घ्यायचा. वर्षानुवर्षं हेच. त्या दिवशी कारकून अकरा वाजता केबिनमध्ये नव्हता. पाण्याची बाटली भरायला पलीकडच्या नळावर गेला होता आणि भाऊजींच्या डाव्या हाताने परत येत होता. भाऊजींनी वळणावर गाडी हळू केली, मान हलवली. कारकुनाला वाटलं, आपल्यालाच. त्याने पाऊल पुढे टाकलं, आणि भाऊजींनी गाडी डावीकडे घेतली. गाडीवरचं मालाचं पॅलेट आणि शेडचा लोखंडी खांब यांच्या मध्ये त्याचा पाय सापडला. नडगी दोन ठिकाणी मोडली.

चौकशीत आरोग्यकक्षातून भाऊजींचं कार्ड मागवलं गेलं. फोर्कलिफ्टवाल्यांचे डोळे दरवर्षी तपासायचे असतात. कार्डावर सहा वर्षांच्या सहा नोंदी, दोन्ही डोळे, बाजूची नजर पूर्ण. सही कंपाउंडरची. भाऊजींनी सांगितलं, "मी त्याला बघितलं होतं. तो दारात उभा होता." ते खोटं बोलत नव्हते. शेवटी ठरलं ते असं, की कारकून पिवळ्या रेघेबाहेर चालत होता. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला असताना त्याच्या हातात ताकीदपत्र पडलं.

त्या संध्याकाळी ताईने मला जिन्यात गाठलं. "यांचा डावा खांदा बघितलास? काळानिळा पडलाय. दाराच्या चौकटीवर आपटतात. मला सांगतात, सामन्यात लागलं. गेल्या महिन्यात सामना कुठे होता रे?"

"नव्हता."

"तुला माहीत होतं."

 तिने मला शिवी दिली नाही, रडलीही नाही. "उद्या रजा टाक," म्हणाली. "यांना एकटं नेलं तर हे डॉक्टरलाही पटवून येतील."

डोळ्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती आणि त्या मोजकं बोलत होत्या. त्यांनी भाऊजींना एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवलं, हनुवटी टेकायला लावली, हातात एक बटण दिलं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. खोली अंधारी केली. यंत्र बारीक कुरकुरायचं, मग बटणाचा टक. कुरकुर, टक. मला हायसं वाटायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी मध्येच यंत्र थांबवलं. "तुम्ही न लागलेल्या दिव्यांनाही दाबताय."

"दिसला म्हणून दाबलं."

"मी मध्ये मध्ये मुद्दाम नुसता आवाज सोडते. दिवा नसतो."

"दिसला हो," भाऊजी म्हणाले. "वर, उजवीकडे. आता खाली लागणार होता."

"लागणार होता ते नका सांगू. लागला तर सांगा."

तीनदा केलं. तीनदा तेच. मग त्यांनी दिवा लावला, रुमालात नाक शिंकरलं, आणि भाऊजींना स्टुलावर बसवून त्या त्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. पायात रबरी तळव्यांच्या चपला होत्या, पावलांचा आवाज येत नव्हता. मला त्यांनी भाऊजींच्या समोर बसवलं आणि भाऊजींना सांगितलं, "यांच्या नाकाकडे बघत राहा. पेन दिसलं की सांगा."

पेन त्यांच्या डाव्या कानामागून निघालं. कानशिलाशी आलं. भुवईच्या टोकाशी आलं. मला पेनही दिसत होतं आणि भाऊजींचा डोळाही, एकाच वेळी, एकमेकांपासून चार बोटांवर. डोळा स्वस्थ होता. भरल्या घरात एकटाच बसलेला माणूस दिसतो तसा. पेन भुवईच्या मध्यावर आलं, आणखी पुढे आलं, नाकाच्या शेंड्याला टेकायला आलं.

"आलं," भाऊजी म्हणाले.

उजवीकडूनही तेच. मी कुठे बघू मला कळेना, कारण समोर त्यांच्या चेहऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

काचबिंदू होता. नजर कडेने खात खात आत येतो, मधलं शेवटी घेतो, म्हणून माणसाला कळत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ताईने विचारलं, किती दिवस झाले असतील. "दिवस कसले," त्या म्हणाल्या, "वर्षं. वेळेवर थेंब सुरू झाले असते तर बरंच राखता आलं असतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं किती टिकतं ते बघू." मग कागदावरून मान वर करून म्हणाल्या, "तुमच्याकडे दरवर्षी तपासणी होते म्हणालात ना?"

दुसऱ्या दिवशी भाऊजी मला घेऊन आरोग्यकक्षात गेले. कंपाउंडर निवृत्तीला आलेला, सज्जन माणूस. त्याचं यंत्र जुनं होतं: अर्धगोल वाकवलेली काळी पट्टी, तिच्यावर हाताने सरकवायचा एक पांढरा मणी. तपासायचा तो माणूस अलीकडे, कंपाउंडर पलीकडे, समोरासमोर. मणी पट्टीच्या टोकाकडून आत आणायचा, दिसला म्हटलं की तिथला आकडा लिहायचा.

"माझ्या यंत्राला काही झालेलं नाही," तो दुखावून म्हणाला. "रोज पुसतो मी ते. बसा, यांच्यासमोरच करू."

केलं. भाऊजी प्रत्येक वेळी बरोबर जागेवर म्हणाले, दिसला. कंपाउंडरने माझ्याकडे बघून हात पसरले. बघा.

"आता मणी काढून ठेवा," भाऊजी म्हणाले. "नुसता हात फिरवा."

"म्हणजे?"

"मणी नकोच. बाकी सगळं रोजच्यासारखं करा."

कंपाउंडरने मणी काढून टेबलावर ठेवला. रिकाम्या पट्टीवरून हात फिरवायला लागला. भाऊजी समोर बघत म्हणाले, "दिसला." दुसऱ्या बाजूने फिरवला. "दिसला." वरून. "दिसला." सगळे आकडे तेच आले, अंशाचाही फरक नाही.

कंपाउंडरचा हात पट्टीवरच राहिला.

"हात हलायच्या आधी तुमचा त्या बाजूचा खांदा खाली जातो," भाऊजी म्हणाले. "मग मी मनात चार मोजतो. चारला मणी तिथे असतो."

"सहा वर्षं?" कंपाउंडरचा आवाज चिरकला. "सहा वर्षं तुम्ही मला फसवत होतात?"

"नाही हो. मला दिसायचा. आत्तासुद्धा दिसला." त्यांनी टेबलावरच्या मण्याकडे बोट केलं. "तो तिथे काढून ठेवलाय हे मला माहीत होतं, तरी दिसला."

बाहेर आल्यावर ते कारखान्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. शिफ्ट सुटत होती, माणसं दोन्ही बाजूंनी आमच्याजवळून जात होती. "अरे, यातली किती मला दिसतायत," ते म्हणाले, "आणि किती मी धरून चाललोय, हे मला आतून सांगता येत नाही. दोन्ही सारखीच दिसतात." मी म्हटलं, चला घरी. दुसरं काय म्हणणार.

ते घरी न जाता कारकुनाकडे गेले. त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. उशीवर पाय ठेवून तो पडला होता, उशाशी ते ताकीदपत्र घडी घालून ठेवलेलं. भाऊजींनी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"पण तुम्ही मान हलवलीत," कारकून म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. म्हणून तर आलो."

"तुम्हाला नाही हलवली. दाराला हलवली."

"दाराला?"

"अकरा वाजता तुम्ही दारात असता."

कारकुनाने कोपरावर टेकून अंग वर उचललं. "म्हणजे मी नसलो तरी असतो," तो म्हणाला. मग हसला, पण पाय हलल्यामुळे कळ आली आणि हसणं अर्ध्यावर राहिलं. "मला एक सांगा. इतकी वर्षं रोज माझ्याकडे बघून मान हलवलीत. त्यातल्या किती वेळा मी होतो?"

 ज्या माणसाचं उत्तर प्रश्नाआधी तयार असायचं, तो दाराला पाठ लावून उभा होता.

त्यांनी मॅनेजरला लेखी दिलं की चूक माझी आहे. मॅनेजरने फोर्कलिफ्टची किल्ली काढून घेतली, पण कारकुनाचं ताकीदपत्र मागे घेतलं नाही. ते मागे घ्यायचं तर सहा वर्षांचं कार्ड चुकीचं म्हणावं लागलं असतं, आणि कार्डाबरोबर आरोग्यकक्ष, आणि आरोग्यकक्षाबरोबर बाकीच्या सगळ्या फोर्कलिफ्टवाल्यांची कार्डं. त्यापेक्षा कारकुनाची चूक सगळ्यांना स्वस्त पडत होती. भाऊजींना पॅकिंगमध्ये बसवलं. खोक्यांवर लेबलं चिकटवायची. लेबल समोर असतं, तेवढं दिसतं.

मास्तर एकदा घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "तू नुसता मध्ये उभा राहा. आम्ही दहाजण ओरडतो. मागे, डावीकडे, उजवीकडे, काय पाहिजे ते."

"ओरडाल," भाऊजी म्हणाले. "माणूस कुठे आहे ते सांगाल. जागा कुठे आहे ते कोण सांगणार?"

मास्तरांनी कप खाली ठेवला.  जाताना ते जिन्यात मला म्हणाले, त्या पॉलिशवाल्या पोराला मी उगाच बसवलं रे. मी म्हटलं, हो.

याला आता तीन वर्षं झाली. थेंब दिवसातून दोनदा, ताई घालते. दर तपासणीला डॉक्टरीणबाई एक कागद देतात, त्यावर मधला पांढरा डाग, म्हणजे उरलेली नजर, गेल्या वेळेपेक्षा लहान असतो. हा आजार रक्तातून येऊ शकतो म्हणून भाचीचेही डोळे तपासले. ते स्वच्छ निघाले. त्या दिवशी ताईने इस्पितळाच्या बाकावर बसून पोटभर रडून घेतलं. घरात तिला ते करता येत नाही. भाऊजींना दिसत नसलं तरी कळतं.

घरात कुठलीही वस्तू हलवायची नाही, हा ताईचा नियम आहे. सुरुवातीला तो खुर्च्यांपुरता होता. मग एकदा भाची जेवताना उठून आत गेली आणि भाऊजींनी तिच्या जागेकडे पाण्याचा पेला पुढे केला, बोलता बोलता, अगदी पूर्वीसारखा, आणि सोडला. पेला जमिनीवर फुटला.  भाऊजींनी वाकून काचा गोळा करायला हात घातला तो नेमका भलत्या जागी. त्या दिवसापासून आम्हीही हलत नाही. भाची त्यांच्या डाव्या हाताला, ताई शेगडीशी, मी गेलो की खिडकीजवळच्या स्टुलावर. उठायचं झालं तर सांगून उठायचं. त्यांचा अंदाज खरा ठरावा म्हणून आम्ही आपापल्या जागा धरून बसतो. त्यांनी एकदा त्या विंगरला जे सांगितलं होतं ते आता आम्ही बिनबोभाट पाळतो, आणि त्यांना वाटत असावं की घर अजून दिसतंय. निदान आम्हाला असं वाटतं की त्यांना वाटत असावं.

गेल्या आठवड्यात भाचीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. सकाळी ती निघाली तेव्हा भाऊजी तिला सोडायला खाली रस्त्यापर्यंत आले होते, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. गाडी गेली हे त्यांना माहीत होतं. संध्याकाळी ताईने मला जेवायला बोलावलं. दोनच ताटं वाढायचं धाडस तिला होत नव्हतं.

जेवता जेवता भाऊजी डावीकडे वळले आणि म्हणाले, "आज मीठ कमी आहे ना गं?"

ते थांबले. भाचीला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच. मग किंचित हसले. "ऐकलंस?" ते ताईला म्हणाले. "तिलाही तेच वाटतं."

 ताईने मिठाची बरणी पुढे केली, आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे खूण केली. मी पावलं न वाजवता उठलो आणि जाऊन भाचीच्या जागी बसलो. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. एक भोक बुजवावं म्हणून असेल.

भाऊजींनी दोन घास खाल्ले. मग मान वर करून ते खिडकीजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत मला म्हणाले, "तू का गप्प आहेस? मी म्हणतो, आता तिचं तिकडे चांगलंच होईल. तुला काय वाटतं?"

मी तोंड उघडलं असतं तर आवाज त्यांच्या डाव्या खांद्याजवळून आला असता. मी उघडलं नाही. ताई माझ्याकडे बघत होती.

ते स्टुलाकडे लक्ष देऊन बघत राहिले.

"बरोबर आहे तुझं," शेवटी ते म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले.